अंधारात उभा ऊस

अपघातात माणूस गेलेल्या घरी बसायला गेलं की बोलणं फार लांबत नाही. कुणीतरी म्हणतं, "वेळच आली होती." दुसऱ्याला आठवतं की एरवी तो त्या रस्त्यानं जायचाच नाही, नेमका त्याच दिवशी गेला. तिसरा सांगतो, निघताना काहीतरी विसरलं म्हणून परत घरात आला होता, तेव्हाच थांबवायला पाहिजे होतं. शेजारच्या घरातून चहा येतो. कप हातात घेतले जातात आणि अर्धे तसेच खाली ठेवले जातात.

या बोलण्यावर माझा राग नाही. समोर आई बसलेली असते, तिला त्या घडीला ब्रेक आणि हेडलाईट ऐकवणं हा दुष्टपणा होईल. नियतीचं नाव घेतलं की निदान कुणाला दोष द्यावा लागत नाही, आणि त्या घरात तेवढाही आधार मोठा असतो. पण दिवस झाले, वर्षश्राद्ध झालं तरी तेच बोलणं चालू राहतं, हे मला सहन होत नाही. रस्त्यावर नक्की काय झालं, कुठल्या वळणावर झालं, समोर काय उभं होतं, उजेड किती होता, हे सगळं पुसलं जातं. मग पुढच्या हंगामात त्याच ठिकाणी दुसऱ्या कुणाची तरी वेळ येते.

मी औषध कंपनीचा प्रतिनिधी. एमआर. हेडक्वार्टर कराड. पाटण, कोयनानगर, उंब्रज, मसूर, कडेगाव, विटा, इस्लामपूर, आष्टा, हा सगळा पट्टा मी मोटरसायकलवर पालथा घातला आहे. आणि हे काम मला मनापासून आवडलं ते त्या मोटरसायकलमुळेच. हिवाळ्यात सकाळी कृष्णेच्या पुलावर धुकं असतं. पुलाखालून गार वारा येतो तो जॅकेटच्या चेनमधूनसुद्धा आत शिरतो. थोडं पुढं गेलं की गुऱ्हाळाच्या काहिलीचा गोड वास येतो. चारचाकीत बसलेल्याला यातलं काही मिळत नाही. मोटरसायकलवाल्याच्या अंगावर सगळं थेट येतं, आणि धोकाही त्याच वाटेनं येतो. मध्ये पत्रा नाही, काच नाही, पट्टा नाही.

लोकांना वाटतं एमआर लोक हौसेनं रात्री-अपरात्री गाड्या मारतात. तसं नसतं. तालुक्याच्या गावातला डॉक्टर एमआरला भेटतो ते पेशंट संपल्यावर. संध्याकाळची ओपीडी नऊला संपते, कधी साडेनऊला. आपण बॅग मांडीवर घेऊन बाहेरच्या बाकावर बसलेले. आत जाऊन दोन-चार मिनिटं बोलायचं, सॅम्पल द्यायचं, आणि मग विट्याहून कराडला चाळीसेक किलोमीटर परत. मुक्काम करावा तर कंपनीच्या हिशेबात ते गाव मुक्कामाचं नसतं. म्हणजे अंधारातला तो प्रवास कुणाच्या नशिबानं ठरवलेला नसतो, टूर प्रोग्रॅमनं ठरवलेला असतो. दूधवाले, वायरमन, एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला जाणारे कामगार, फायनान्सचे वसुलीवाले, सगळ्यांचं हेच. दुचाकी ही त्यांची आवड असेल-नसेल, पोट तिच्यावर आहे.

आमच्या सुरुवातीच्या काळातल्या शंभर सीसीच्या गाड्यांचा हेडलाईट इंजिनाच्या फिरण्यावर चालायचा. रेस वाढवली की उजेड वाढायचा, कमी केली की पिवळा पडून मंदावायचा. समोर काहीतरी आहे असं वाटून तुम्ही गाडी हळू केली की नेमका त्याच वेळी उजेड जायचा. त्यात समोरून ट्रक आला, त्याचे दिवे डोळ्यांवर पडले, की ट्रक निघून गेल्यावरही काही क्षण नुसता काळोख. ताशी ६० च्या वेगानं गाडी एका सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. डोळ्यांना दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत सेकंद-दीड सेकंद जातो. पुढं कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक लागला तरी थांबायला आणखी वीसेक मीटर लागतात. म्हणजे चाळीस मीटरवरचं दिसलं तर माणूस जेमतेम वाचतो. ट्रकच्या झोतानंतरच्या त्या काळोखात दहा मीटरवरचंसुद्धा दिसत नाही.

आणि गळीत हंगाम सुरू झाला की त्या काळोखात ऊस असतो.

दिवाळीच्या आसपास कारखान्यांची धुराडी पेटतात. बीडकडून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात, फडाशेजारी त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहतात आणि रस्ते उसानं भरून जातात. ट्रॅक्टरमागे एक नाही, दोन ट्रॉल्या. बाजूच्या फळ्यांच्या वर माणसाच्या उंचीएवढा रचलेला ऊस, दोन्ही बाजूंनी आणि मागे बाहेर आलेली टोकं. त्या टोकांमागे ट्रॉलीचा मागचा पत्रा झाकून जातो. लाल दिवा असला तर त्याची वायर तुटलेली, रिफ्लेक्टर असला तर चिखलानं आणि धुळीनं माखलेला. कारखान्यावर नंबर लवकर लागावा म्हणून वाहतूक रात्रभर चालते. टायरच्या बैलगाड्यांना तर दिवा नसतोच, एखादा गाडीवान कंदील किंवा बॅटरी अडकवतो. सुक्या उसाचा रंग रात्रीच्या रस्त्यासारखाच. चालणारी ट्रॉली निदान हलताना कळते. उभी असली तर काहीच कळत नाही.

माझा एक मित्र असाच गेला. कंपनी दुसरी, पण पट्टा एकच, त्यामुळे डॉक्टरांच्या बाकावर आम्ही नेहमी शेजारी बसायचो. माझ्यापेक्षा कमी बोलणारा, गाडी माझ्यापेक्षा नीट चालवणारा, आठवड्याला चेनला तेल घालणारा माणूस. कडेगावच्या पुढं एका ट्रॉलीचा ॲक्सल तुटला होता. ड्रायव्हरनं चाकाखाली दगड लावले, मागं काही अंतरावर बाभळीच्या दोन फांद्या टाकल्या आणि ट्रॅक्टर सोडवून तो मिस्त्रीला आणायला गेला. ट्रॉली अर्धी डांबरावर, अर्धी साईडपट्टीवर. समोरून वाहन येत होतं. मित्र मागून आला.

बातमी कळल्यावर आम्ही ज्या दवाखान्यात धावलो, तिथल्या न्यूरोसर्जनना तो दर महिन्याला भेटायचा. आयसीयूच्या दारातून त्यांनी मला पाहिलं, ओळखलं आणि नुसती मान हलवली. चौथ्या दिवशी तो गेला. त्याची बॅग मला पोलीस ठाण्यातून आणायला सांगितली होती. चेन तुटलेली, आत गोळ्यांच्या स्ट्रिप्स, त्यांच्यात उसाचं पाचट आणि डांबरावरची कच मिसळलेली.

भरपाईच्या दाव्यासाठी कागद गोळा करायला त्याच्या वडिलांबरोबर मी फिरलो, तेव्हा पंचनामा पहिल्यांदा नीट वाचला. दोन पानं, पोलिसी मराठीत. घटनास्थळ रस्त्याच्या कुठल्या बाजूला, रस्ता किती फूट रुंद, ट्रॉलीचं कुठलं चाक डांबरावर, मोटरसायकल कुठं पडलेली, ब्रेकची खूण किती फूट. आणि एक ओळ होती: "सदर ट्रॉलीचे मागील बाजूस रिफ्लेक्टर अगर टेललाईट दिसून येत नाही." त्याच्या मरणाबद्दल त्या सगळ्या दिवसांत बोलल्या गेलेल्या हजार वाक्यांमध्ये खरी माहिती देणारं एवढं एकच वाक्य होतं, आणि ते एका फाईलमध्ये बांधून ठेवलेलं. घरी बसायला आलेल्यांपैकी कुणी ते वाचलं नाही. ज्यांच्या ट्रॉल्या त्याच रस्त्यावर फिरत होत्या त्यांनीही नाही.

उलट, दाव्यात समोरच्या वकिलांनी पहिला मुद्दा तोच मांडला जो गावात सगळे मांडतात. मागून येऊन धडकला, म्हणजे चूक त्याचीच. वाहन धोका होईल असं रस्त्यात सोडून जाऊ नये, असं मोटार वाहन कायद्याचं कलम १२२ सांगतं. ते कलम मी पाठ केलं आहे. पण रस्त्यावर त्या कलमाचा अर्थ अजून बाभळीच्या दोन फांद्या एवढाच आहे. ट्रॉली दुरुस्त होऊन गेली की चाकाखालचे दगड तर बहुतेक वेळा तिथंच राहतात. पुढच्या दुचाकीवाल्यासाठी.

हे एकट्या आमच्या तालुक्याचं दुखणं नाही. केंद्र सरकारच्याच अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली आणि त्यातली ७४,८९७ दुचाकीवरची होती. शंभरातली चव्वेचाळीस-पंचेचाळीस. आपल्याकडे अपघाताच्या बातम्या बसच्या आणि ट्रकच्या होतात, कारण एका ठिकाणी एकदम माणसं जातात. दुचाकीवरची माणसं एकेकटी जातात, जिल्हा पानावर चार ओळींत. त्याच अहवालात हेल्मेट नसताना मेलेल्यांचा आकडा ५०,०२९ आहे. त्यात चौदा हजारांहून जास्त जण मागे बसलेले होते. हा मागे बसलेल्यांचा आकडा मला जास्त छळतो, कारण त्यावर कुणी बोलतच नाही.

आमच्या आत्ती चुलत्यांच्या मागं बसून लग्नाला निघाल्या होत्या. पायावर पाय टाकून एका बाजूला बसलेल्या, मांडीवर आहेराची पिशवी. मोटरसायकल मुद्दाम सावकाश चाललेली, वीस-पंचवीसच्या वेगानं, कारण मागं बाईमाणूस. गावच्या शाळेपुढं रातोरात नवा गतिरोधक झाला होता. ना पट्टे, ना पाटी. पुढच्या माणसाच्या हातात हँडल असतं, त्याला दणका बसला तरी तो धरून राहतो. मागच्याच्या हातात पिशवी असते. आत्ती मागच्या मागं पडल्या आणि डोकं डांबरावर आपटलं. रक्त फारसं नव्हतं. उठून बसल्या, पाणी प्यायल्या, "मला काही झालं नाही, लग्नाला उशीर होतोय" म्हणाल्या. संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या.

त्या वाचल्या. सीटीत दिसलेली रक्ताची गाठ आपोआप विरली, ऑपरेशनची वेळ आली नाही. सगळ्यांनी म्हटलं, काळ आला होता पण वेळ आली नव्हती. महिन्याभरानं लक्षात आलं की त्यांना वास येत नाही. डोकं मागं आपटलं की मेंदू पुढं हिसकला जातो आणि नाकाच्या वरच्या हाडातून आलेले वासाचे बारीक तंतू तुटू शकतात. हे मला नंतर डॉक्टरांनी हातावर चित्र काढून समजावलं. आत्तींच्या घरात त्याचा अर्थ वेगळा होता. दूध करपलेलं त्यांना कळत नाही. गॅस चालू राहिला तर कळत नाही. मसाला भाजताना त्या सुनेला हाक मारतात, "बघ गं, झाला का?" पंचक्रोशीत ज्यांच्या हातचा मसाला लोक मागून न्यायचे, त्या बाई सुनेच्या नाकानं मसाला भाजतात. हा अपघात कुठल्याच आकड्यात नाही. वेग वीस-पंचवीस होता, समोर कुणी नव्हतं, गाडीला ओरखडासुद्धा नव्हता.

म्हणून "गावातल्या गावात जायचंय, हेल्मेट कशाला" हे वाक्य मी ऐकून घेत नाही. मागे बसलेल्या माणसाचं डोकं रस्त्यापासून पाच फुटांवर असतं, गाडी हळू असली तरी ती उंची कमी होत नाही. कलम १२९ मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सांगतं, पण घरात हेल्मेट असतं एकच आणि ते असतं कर्त्या पुरुषाचं. बायको आणि आई यांच्या डोक्यावर पदर.

पदरावरून आठवलं. आपल्या गाड्यांना मागच्या चाकाशेजारी जो जाळीचा साडीगार्ड असतो तो शोभेचा नाही. मागे बसणाऱ्याला धरायला दांडा, पाय ठेवायला जागा आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून निम्मं चाक झाकणारं आवरण, हे तिन्ही केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या १२३ व्या नियमात आहे. आमच्याकडची पोरं नवी गाडी आणली की दुसऱ्या दिवशी गॅरेजवर जाऊन साडीगार्ड काढून टाकतात. गाडी भारी दिसते म्हणे. त्याच गाडीवर मग बहीण बसते आणि तिच्या ओढणीचं टोक चेनकडं उडत असतं. ओढणी चाकात गेली की गळ्याला फास बसतो, आणि पुढच्याला ते कळेपर्यंत फार उशीर झालेला असतो. आपल्या रस्त्यांवर एक फार चांगली रीत आहे. अनोळखी माणूस शेजारून जाताना ओरडतो, "ताई, ओढणी!", "काकू, पदर!", "दादा, स्टँड!" कुणी कुणाचं नसताना हे ओरडणं मी आयुष्यभर ऐकत आलो आहे आणि स्वतः ओरडतही आलो आहे. दिवसा लाईट चालू दिसला की बोटं मिटून-उघडून दाखवायचीही एक खूण होती. २०१७ पासून नव्या गाड्यांचा लाईट इंजिनाबरोबर आपोआप चालू राहतो, तरी जुनी माणसं अजून ती खूण करतात. मला ती माणसं आवडतात.

हेल्मेटचा इतिहास मी एका हाडांच्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये ऐकला. १३ मे १९३५ ला इंग्लंडमध्ये डॉर्सेटच्या एका रस्त्यावर टी. ई. लॉरेन्स, म्हणजे 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून जगभर गाजलेला माणूस, मोटरसायकलवरून चालला होता. सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना तो पडला, डोक्याला मार लागला आणि सहा दिवसांनी गेला. त्याला तपासणाऱ्यांमध्ये ह्यू केर्न्स नावाचे न्यूरोसर्जन होते. ते मरण त्यांनी तिथंच सोडून दिलं नाही. मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये हेल्मेटच्या बाजूनं पुराव्यानिशी लेख लिहिला. त्याच वर्षी ब्रिटिश लष्करानं आपल्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं, सर्वसामान्यांना ते लागू व्हायला मात्र १९७३ उजाडलं. पुढं निरनिराळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा हेल्मेटमुळं मरणाचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो असं दिसलं. केर्न्सनी केलं ते मला फार मोलाचं वाटतं. एका माणसाच्या अपघाताकडं त्यांनी बारकाईनं पाहिलं, पुन्हा पुन्हा पाहिलं, आणि ज्यांना ते कधी भेटणारही नव्हते अशी कितीतरी माणसं त्यातून वाचली.

माझ्या कपाटात एक जुनं हेल्मेट आहे. डावीकडं हनुवटीपासून कानापर्यंत रंग खरवडून आतला पांढरा थर दिसतो, ओरखड्यांमध्ये अजून डांबर आहे. आतलं अस्तर बाजूला केलं की थर्माकोलला बोटभर तडा दिसतो आणि तिथं ते दबून पातळ झालं आहे. तेवढा दणका डोक्याऐवजी त्यानं खाल्ला. एकदा असं दबलेलं हेल्मेट पुन्हा वापरायचं नसतं, म्हणून मी ते वापरत नाही. रस्त्याच्या कडेला दोरीवर टांगून दोन-तीनशेला मिळतं त्याच्या आत हे थर्माकोल नावापुरतंच असतं. १ जून २०२१ पासून आयएसआय मार्क नसलेलं दुचाकीचं हेल्मेट बनवायलाच काय, विकायलाही बंदी आहे. दोऱ्या अजून तिथंच आहेत.

तो अपघात जानेवारीतल्या एका सकाळी झाला. कारखान्याकडं वळणाऱ्या फाट्यावर ट्रॉल्यांतून पडलेली उसाची कांडी चाकांखाली चिरडून डांबराला चिकटली होती. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या टायरांनी काळी माती आणली होती, आणि वर रात्रीचं दहिवर. रस्ता शेणानं सारवल्यासारखा झाला होता. वळणावर पुढचं चाक गेलं. ब्रेक लावायचा प्रश्नच आला नाही. मी डाव्या खांद्यावर पडलो, हेल्मेट घासत गेलं आणि त्या घासण्याचा आवाज, कवटीच्या आत खडी भरडल्यासारखा, मला अजून ऐकू येतो.

पहिले आले ते ऊसतोड कामगार. फडाकडं निघालेली टोळी. एकानं पेट्रोलचा कॉक बंद केला. दोघं वरच्या अंगाला धावले आणि येणाऱ्या गाड्यांना हात करून उभे राहिले. एका बाईनं डोक्याला बांधलेलं फडकं सोडून माझा हात छातीशी बांधला. "उठू नका सायेब, जरा दम खा, कुठं जायचंय तुमाला?" कॉलरबोन मोडलं होतं हे नंतर कळलं. दुधाचा टेम्पो थांबवून त्यांच्यातला एक जण माझ्याबरोबर कराडपर्यंत आला. टनावर पैसे मिळतात त्यांना, नवरा-बायकोचा एक कोयता. तो आला म्हणजे त्या दिवशी त्याचा कोयता थांबला. दवाखान्याच्या फाटकातून मात्र तो आत यायला तयार होईना. "पोलीस नाव-गाव इचारत्यात, आमाला हंगामभर चकरा मारायला लागतील." तो फाटकातूनच परत गेला. मी बरा होऊन शोधत गेलो तोवर फड संपून टोळी दुसरीकडं गेली होती.

आत काउंटरवर आधी डिपॉझिटचं विचारलं गेलं. माझ्या ओळखीनं ते निभलं. ज्याची ओळख नसते तो त्या काउंटरपुढं किती वेळ उभा राहतो हे मी एमआर म्हणून पुष्कळदा पाहिलं आहे.

हे २०१६ च्या आधीचं. त्या वर्षी ३० मार्चला सर्वोच्च न्यायालयानं जखमीला मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाचे नियम देशभर बंधनकारक केले. २०१९ च्या दुरुस्तीनं ते कलम १३४-अ म्हणून कायद्यातच आलं. मदत करणाऱ्यावर नाव सांगायची सक्ती नाही, त्याला साक्षीदार व्हायला भाग पाडता येत नाही. २०२५ च्या मेपासून अपघातानंतर सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचे उपचार विनारोख करण्याची योजना आहे. फडावरच्या त्या माणसापर्यंत यातला एक शब्द तरी पोचला असेल का, हे मला जाणून घ्यायचं आहे. दर हंगामात कोप्यांवर जाऊन मी हे सांगतो. ऐकणारे बीडचे असतात, गेवराईचे असतात, पाथर्डीचे असतात. "खरंच नाव नाही द्यावं लागत?" असं प्रत्येक ठिकाणी कुणीतरी विचारतंच.

दुखणं बरं झालं, पण त्या फाट्यावर आलो की खांदा अजून आपोआप आखडतो. डोकं सांगतं, रस्ता कोरडा आहे. अंग ऐकत नाही. पूर्वी मला हे भित्रेपण वाटायचं. आता वाटत नाही. अंगानं ती जागा, तो ऋतू, ती वेळ सगळं जसंच्या तसं धरून ठेवलं आहे, आणि मला वाटतं आपण सगळ्यांनी मिळून तेच करायला हवं.

आमच्याकडच्या कुठल्याही चौकात उभं राहा. वाढदिवसाचे फ्लेक्स आणि श्रद्धांजलीचे फ्लेक्स शेजारी शेजारी असतात. बावीस-तेवीसची पोरं, गॉगल लावलेली, मोटरसायकलला रेलून उभी. कधी कधी फोटो एकच असतो. वाढदिवसाला जो काढला होता तोच खाली "भावपूर्ण श्रद्धांजली" लिहून पुन्हा लावलेला. काय झालं, कसं झालं, त्यावर एक ओळ नसते. मित्रांना मी एकदा सुचवलं की ठिकाण तरी लिहा, "या फाट्यावर, रात्री, बिनदिव्याच्या ट्रॉलीला". त्यांना ते अपशकुनी वाटलं. मी ओढून धरलं नाही, त्यांचं दुःख ताजं होतं. मत मात्र बदललेलं नाही.

पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध इतकी वर्षं आंदोलनं झाली. उकडतं, मान अवघडते, मागचा हॉर्न ऐकू येत नाही, शहरात वेगच नसतो. उकडतं हे खरं आहे, एप्रिलमध्ये विट्याच्या रस्त्यावर मला कुणी ते सांगायला नको. पण शहरात वेग नसतो म्हणणाऱ्यांनी आमच्या आत्तींना भेटावं.

हायवेवर उलट्या बाजूनं येणाऱ्यांवर सगळेच चिडतात, मीही दचकतो. पण पुणे-बेंगळुरू रस्ता चौपदरी झाला तेव्हा घर एका बाजूला आणि रान दुसऱ्या बाजूला गेलेले शेतकरी मला माहीत आहेत. गाडीला वैरणीचा भारा बांधलेला, भुयारी मार्ग पार पुढं. त्या माणसाला दंड करणं सोपं आहे, त्याला ओलांडायची जागा देणं खर्चाचं आहे. हेही पंचनाम्यात लिहिलं जायला हवं असं मला वाटतं.

खंडेनवमीला आम्ही गाड्या धुतो, हार घालतो, हँडलला हळद-कुंकू लावतो. गेली काही वर्षं मी टाकीवर हेल्मेटही ठेवतो, घरातल्या प्रत्येकाचं, आत्तींचंसुद्धा. पहिल्या वर्षी आई म्हणाली, "ह्याला कशाला?" आता तीच आधी त्याच्यावर फूल ठेवते.

पुतण्यानं यंदा नवी गाडी घेतली, एबीएसवाली, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकून घसरू नये अशी सोय असलेली. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना २०१९ च्या एप्रिलपासून ते सक्तीचं आहे, आणि मला त्याचं समाधान आहे. "पुढचा ब्रेक दाबू नको, उलटशील" असं शिकवलं गेलेली आमची पिढी, जिथं खरी थांबायची ताकद असते तो ब्रेक सोडून मागच्याच ब्रेकवर घसरत गेली. त्याला मी विट्याच्या रस्त्यावर दिवसाउजेडी घेऊन गेलो. कुठल्या वळणावर कच साचते, वळवाच्या पहिल्या पावसात कुठं तेल वर येतं, कुठल्या वस्तीवरची कुत्री पाठलाग करतात, कुठल्या फाट्यावर ट्रॉली बाहेर येताना रस्ता पूर्ण आडवा होतो. कडेगावच्या पुढं थांबलो आणि माझा मित्र कुठं पडला होता ते पंचनाम्यातल्या मापांनिशी दाखवलं. तो गप्प ऐकत होता. मग म्हणाला, "काका, हे मला दाखवून काय उपयोग? मी बघीन. पण ट्रॉलीवाल्याला कुणी दाखवलंय का?"

त्याचं बरोबर होतं. कारखाने आणि आरटीओ हंगामाच्या सुरुवातीला रिफ्लेक्टर लावतात, फोटो छापून येतात, पण डिसेंबर संपेपर्यंत पट्ट्या सोलून गेलेल्या असतात. म्हणून आता आम्ही काही एमआर आणि पुतण्याचे मित्र मिळून हंगामाच्या मध्यावर कारखान्याच्या वजनकाट्याबाहेर रांगेत उभ्या असलेल्या ट्रॉल्यांकडं जातो. आधी फडक्यानं पत्रा पुसायचा, कारण धुळीवर पट्टी धरत नाही. मागं उसाच्या टोकांनी झाकलं जातं म्हणून पट्टी खाली, चाकांच्या उंचीला मारायची. ड्रायव्हरला मोटार बंद पडली तर लावायला लाल त्रिकोण द्यायचा आणि दगड उचलून न्यायला सांगायचं. बरेच जण रांगेत झोपलेले असतात, उठवलं की आधी वैतागतात. मागच्या खेपेला एकानं मात्र खाली उतरून आमच्या हातातला रोल घेतला आणि ट्रॉलीच्या बाजूच्या फळीवर हात आपटून म्हणाला, "नुसतं मागं मारून काय हुतंय? फाट्यावर वळताना बाजूच आडवी येती की. हितं दोन मारा, आणि पुढच्या ट्रॉलीला पण. माझा भाऊ असाच गेलाय, बाजूनं आत घुसला." रोल अर्धा उरला होता. तो त्याच्या रांगेतल्या ट्रॉल्यांनाच संपला, आणि दुसरा आणायला पुतण्याला त्याच वेळी गावात पाठवावं लागलं.